बाटली चुकत न्हाई

माझ्या माळकरी आईच्या पोटात बकऱ्याचा भेजा गेला तो डॉ. खिल्लाऱ्यांमुळे. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आई त्यांना माफ करून कधीच मोकळी झाली, पण मी अजून केलेलं नाही.

झालं ते असं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आम्ही भाड्याने राहत होतो तिथे दोन बिऱ्हाडांत मिळून एक गच्ची होती. एका बाजूला मी आणि आई, दुसऱ्या बाजूला डॉ. भगवान खिल्लारे, एकटे. उन्हाळ्यात आईने गच्चीवर कुरडया आणि मुगाचे सांडगे वाळत घातले. शेजारीच जुन्या धोतरावर खिल्लाऱ्यांचंही काहीतरी वाळत होतं. गोळे सांडग्यांएवढेच, रंग जरा जास्त पांढरा. आईला वाटलं, बिचारा एकटा पुरुष, सांडगे घालायला शिकलाय. तिने आपले चार सांडगे तिकडे ठेवले आणि वानवळा म्हणून तिकडचे चार उचलून आणले. संध्याकाळी तळले. पहिल्याच घासाला कटकन आवाज झाला. आईने आतला मऊ भाग शहाण्यासारखा गिळला आणि मग मला विचारलं, "हे कशाच्या डाळीचं गं?"

मी एक तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पळी हातात घेऊन शेजारी गेले. खिल्लारे स्टोव्हपाशी काहीतरी ढवळत होते. मी म्हटलं, "तुमी गच्चीवर काय वाळत घातलंय?"

"भेजा," ते म्हणाले. "सहा बकऱ्यांचा. प्लॅस्टरच्या भुकटीत मळून."

"माझ्या आईनं तो खाल्ला."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले, "किती गोळे गेले?"

"चार."

"चार? पंधरा दिवस झाले मी खाटकाच्या दारात उभा राहून राहिलो, अन् तुमी चार गोळे तळून खाल्ले? काहून? घरात दुसरं काई नव्हतं?" एवढं बोलून ते थांबले, जरा विचार केला आणि म्हणाले, "आईनं बराबर किती गिळला? उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांचं रक्त लागंल मला."

आईने तीन दिवस उपास केला. तिचे मुगाचे चार सांडगे मात्र खिल्लाऱ्यांनी न बघता भेज्याबरोबर कुटले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन ॲसिटोनमध्ये दोन दिवस घुसळले. त्यातून काय निघालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

हे गृहस्थ जवळच्याच एका खेड्यातले. बौद्ध समाजातून एवढं शिकलेला त्या भागातला पहिला माणूस. मुंबईला जाऊन जीवरसायनशास्त्रात डॉक्टर झाले, आणि मोठ्या प्रयोगशाळा सोडून गावच्या कॉलेजात पोरांना रसायन शिकवायला परत आले. सारा समाज त्यांना डाक्टरसाहेब म्हणायचा. लोक खोकला, खरूज, पोटदुखी घेऊन दारात यायचे. खिल्लारे दरवाजा उघडायचे, "मी औषधाचा डाक्टर न्हाई" असं ओरडायचे आणि दरवाजा लावून घ्यायचे. पाच मिनिटांनी पुन्हा उघडून म्हणायचे, "आलाच हाय तर टाच दाखव."

टाच हा त्यांचा ध्यास होता. हा माणूस लोकांच्या तोंडाकडे बघतच नसे. आधी पापण्या बघायचा, पिवळसर चट्टे आहेत का म्हणून. मग खाली वाकून टाचेमागची शीर चिमटीत धरायचा, जाड आहे का, गाठ लागते का. म्हाताऱ्या माणसांना वाटायचं, एवढा शिकलेला माणूस आपल्या पाया पडतो. ते डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा लेकरा" म्हणायचे, की खिल्लारे खालूनच खेकसायचे, "मी पाया पडून न्हाई राहिलो. शीर बघून राहिलो. हलू नका."

त्यांचा विषय कोलेस्टेरॉल. आज हा शब्द पानवाल्याला माहीत आहे. तेव्हा दवाखान्यातल्या आम्हालाही तो नीट म्हणता येत नव्हता. रक्तातली ही चरबी किती आहे ते त्यांना मोजायचं होतं. रक्तावरच्या निवळीत ते दोन-तीन जहाल द्रव टाकायचे, की हिरवा रंग यायचा. जितकी चरबी जास्त तितका हिरवा गडद. पण गडद म्हणजे किती हे ठरवायला शेजारी शुद्ध कोलेस्टेरॉलची नळी धरावी लागे. कॉलेजने ते मुंबईहून मागवलं होतं आणि वर्ष झालं तरी आलं नव्हतं. म्हणून हा भेज्याचा उद्योग. सहा बकऱ्यांच्या डोक्यातून शेवटी चमचाभर पांढरे, अभ्रकासारखे चकचकीत पापुद्रे निघायचे. ते बघताना तेवढा वेळ हा माणूस रागावत नसे.

कॉलेजात नळ्याही पुऱ्या नव्हत्या. म्हणून रक्त घ्यायला आमच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. त्या मागायला ते माझ्याकडे आले आणि माझ्या मागे हे शुक्लकाष्ठ लागलं. बाटली उकळायची, चिकटपट्टी लावायची, पट्टीवर नाव लिहायचं. मी एकदा म्हटलं, "एवढ्या बाटल्यांत अदलाबदल झाली तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांच्या खानदानावर काही बोलले असावे.

"सिस्टर, माझी बाटली चुकत न्हाई. चुकतो तो माणूस."

हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा ऐकलं. वर्गात पोराचं उत्तर चुकलं, घड्याळ मागे पडलं, दूध नासलं, तरी हेच. त्या माणसाने कधी कुठे "माझं चुकलं" म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. आईच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं असं, की सांडगे कुणी उचलावेत याचे नियम असतात.

रविवारची सुट्टी मी त्यांच्या पायी घालवायला लागले ती का, हे मलाही सांगता येणार नाही. ते बोलावत नसत, हुकूम सोडत. "उद्या पहिली गाडी. सुया उकळून ठेवा." औंढ्यावरून पुढे शिरड शहापूरला त्यांचं काम चालायचं. तिथल्या एका घरातले बापे चाळिशी-पंचेचाळिशीत छातीला हात लावून पडायचे. ज्वारीची भाकर आणि ठेचा खाणारी, दिवसभर औत हाकणारी माणसं. ज्या रोगाला डॉक्टर लोक श्रीमंतांचा रोग म्हणतात तो या लोकांना का होतो, हा त्यांचा प्रश्न.

"खाऊन होत न्हाई सिस्टर," ते गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे. "शरीर सोताच बनवतं ते. सगळ्यांचंच बनवतं. आपल्यात ते रक्तातून उचललंबी जातं. ह्या घरात रांजण भरून राहिला अन् तोटी बुजून गेली. मंग काय व्हईल?"

पहिल्या वेळी आम्ही गावात शिरलो आणि बघतो तर गावात एकही पुरुष नाही. ते नसबंदीचे दिवस होते. सकाळी सकाळी एक नर्स आणि एक डाक्टर पेटी घेऊन येताना दिसल्यावर कोण थांबतो? सगळे बापे तुरीत जाऊन बसले होते. खिल्लारे पारावर उभे राहून शेताकडे तोंड करून ओरडले, "अरे, तुमच्या लेकराबाळांशी मला काय करायचं? मला रक्त पाह्यजे फकस्त." रक्ताचं नाव काढल्यावर जे दोन-चार बाहेर येत होते तेही परत तुरीत गेले.

पुढच्या वेळी त्यांनी निरोप पाठवला, की सगळ्यांनी उपास धरून थांबा. आम्ही गेलो तर घराघरांत साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, वर तूप. बायका कौतुकाने म्हणाल्या, "समद्यांनी धरला साहेब, लेकरांनीबी." त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गावाला जे झापलं ते ऐकून मला वाटलं, आता दगड पडणार. पण ती माणसं ऐकून घेत होती. आपला माणूस आहे, शिकलेला आहे, रागावणारच. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, "कसा वरडतो, जसा कलेक्टर."

त्या घरचा कर्ता कोंडिबा. वय बेचाळीस, टाचेमागे सुपारीएवढी गाठ. त्याची थोरली मुलगी वच्छला, अठराची, हसरी, हातात सुई घुसली तरी बोलत राहणारी. तिचं लग्न ठरलं होतं आत्याच्या मुलाशी, उत्तमशी. आमच्या मराठवाड्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. त्यात विचारायचं काही नसतं. पोरगी पाळण्यात असतानाच ठरलेलं असतं.

खिल्लाऱ्यांनी दोघांच्या बाटल्या तपासल्या. दोन्ही नळ्या गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या. त्यांनी परत रक्त मागितलं, परत तपासलं. मग कोंडिबाला एकट्याला विहिरीवर नेऊन सांगितलं. मी सोबत होते.

"कोंडिबा, पोरगी कुटंबी दे, ह्या नात्यात देऊ नको. एकाकडून आलं तर माणूस चाळीस-पन्नास वर्षं काढतो. दोघांकडून आलं तर लेकरू धा-बारा वर्षांत जातं. चारातलं एक."

"साहेब, भैनीला शबूद देलाय," कोंडिबा म्हणाला. "अन् चारातली तीन तर वाचत्यात न्हवं?"

परतताना खिल्लाऱ्यांनी मला बजावलं, "हे कुणाला बोलायचं न्हाई. पोरीच्या रक्ताचं नाव फुटलं तर तिला जल्मात कोन करणार न्हाई. मी कोंडिबाला हळूहळू वळवतो." हळूहळू हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

ते खरंच वळवत होते. चार रविवार ते एकटे जाऊन कोंडिबाशी बोलले. सुपारीच्या दिवशी आम्हाला दोघांना बोलावणं होतं, आणि कोंडिबा आदल्या दिवसापर्यंत निम्मा वळला होता. दाराशीच वच्छलाच्या आत्याने मला गाठलं. तिला कुठून तरी कुणकुण लागली होती. चार बायकांत उभी राहून ती म्हणाली, "ह्या बाई एकट्याच हायेत म्हनं. कोन केलं न्हाई त्यांना. मंग दुसऱ्यांची लगनं मोडत फिरून राहिल्यात."

मला सात जणांनी बघून नाकारलं होतं. रंग, उंची, नर्सची नोकरी, काही ना काही. त्यातलं एकेक वाक्य मला पाठ आहे. त्या बाईने नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी भरल्या मांडवात म्हणाले, "व्हय, मोडायलाच आले. तुमच्या पोराच्या अन् ह्या पोरीच्या, दोघांच्या रक्तात खोट हाय. ह्यांची लेकरं जगायची न्हाईत. इचारा डाक्टरसाहेबाला."

खिल्लारे माझ्याकडे बघत होते. लग्न त्याच बैठकीत मोडलं. आत्या पोराला घेऊन उठली आणि जाताना सगळ्या गावाला सांगत गेली, की खोट माझ्या पोरात नाही, पोरीच्या बापात आहे.

गाडीत मी वाट बघत होते, की आता हे माझ्यावर ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं. औंढा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "मला एक भैन होती. आमी चार भावंडं, चारातली एक ती. माझ्या आईबापाचंबी मामा-आत्याचंच. गुडघ्यावर, कोपरावर पिवळे गोळे आले तिच्या. लोक म्हणले देवीचं हाय. अकराव्या वर्षी शाळेतून येता येता बसली अन् उठलीच न्हाई."

मी विचारलं, "हे तुमी आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई," ते म्हणाले.

पुढचे सहा महिने मी स्वतःवरचा राग दवाखान्यातल्या प्रत्येक रोग्यावर काढला. वच्छलाला बघायला आलेली दोन स्थळं वेशीवरूनच परत गेली. "खोट्या रक्ताची पोरगी" हे नाव वसमतपासून सेनगावपर्यंत पोचलं होतं. एक दिवस ती दवाखान्यात आली, आजीला घेऊन. हसणं गेलं होतं. मला म्हणाली, "बाई, तुमी खरं बोलल्या का खोटं, मला म्हाईत न्हाई. पण आता पाण्याला जाताना मला कोन संगं घेत न्हाई." मी आत जाऊन सुया उकळत बसले.

त्याच सुमारास परदेशातून खिल्लाऱ्यांना पत्र आलं. शिरडच्या त्या घरावरचा त्यांचा लेख तिकडच्या एका शास्त्रीय मासिकाने छापायला घेतला होता. मुंबईपासून धरून आठ वर्षांचं काम. त्यांनी आईला पेढा आणून दिला आणि वर सांगितलं, की खाऊ नका, तुमच्या रक्ताचा रंग जरा गडद आला होता. आईने त्यांच्यासमोर तोंडात टाकला.

मग कनेरगाव नाक्याचं स्थळ आलं. मुलगा भीमराव, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्याने वच्छलाला औंढ्याच्या बाजारात बघितलं होतं आणि त्याला तीच हवी होती. घरातला कारभार काका माणिकरावांच्या हातात. हे माणिकराव रेल्वेत नोकरी केलेले, कागदाशिवाय सूर्य उगवला हेही न मानणारे. त्यांनी कोंडिबाच्या अंगणात बैठक बोलावली आणि खिल्लाऱ्यांना मुद्दाम बोलावणं धाडलं. मी न बोलावता गेले. समाजातली पाच-पन्नास माणसं जमली होती. वच्छला आत, दाराच्या आड.

जयभीम झाला, चहा झाला. माणिकराव म्हणाले, "साहेब, तुमी आपल्या समाजाचं भूषण. तुमी म्हणसान ते आमी मानू. ह्या पोरीच्या रक्तात खोट हाय का न्हाई, एका शब्दात सांगा."

दाराच्या आडची सावली मला दिसत होती. खिल्लारे उठले. चष्मा पुसला, परत घातला. आणि म्हणाले, "बाटली चुकली."

"म्हंजे?"

"माझ्या बाटल्यांत अदलाबदल झाली. पोरीचं रक्त चांगलं हाय. चूक माझी हाय."

मागे कुणीतरी हसलं, आणि ते हसू अंगणभर पसरलं. ज्या माणसाने या लोकांना साबुदाण्यावरून झापलं होतं, ज्याचे शिव्याशाप त्यांनी अभिमानाने झेलले होते, तो खाली मान घालून उभा होता. उत्तमचा बाप उठून म्हणाला, "साहेब, तुमच्या एका बाटलीपायी माझ्या पोराचं लगीन मोडलं." ते खरंच होतं. त्यांना कलेक्टर म्हणालेली ती म्हातारी म्हणाली, "आपलाच माणूस, पण कच्चाच निघाला."

माणिकरावांनी कागद पुढे केला. "लिहून द्या." खिल्लाऱ्यांनी लिहून दिलं, की बाटल्यांची अदलाबदल झाली व माझे उपकरणही सदोष होते, सबब शिरड शहापूर येथील सर्व निष्कर्ष अविश्वसनीय आहेत. खाली सही, पदवी, कॉलेजचं नाव.

मी त्यांना वेशीबाहेर गाठलं. माझा नुसता संताप झाला होता. म्हटलं, "तुमी खोटं बोलले. त्या पोराच्या घरच्यांना फसवलं. चूक माझ्या तोंडाची होती, मला उभं करायचं होतं तिथं."

"तुमच्या तोंडावर कोनाचा इस्वास हाय? बाटलीनं मोडलं, बाटलीच चुकाया पाह्यजे."

"अन् तुमचा लेख?"

"काल परत मागवला. तार केली." बैठक आज होती. म्हणजे यांनी आदल्या दिवशीच ठरवलेलं होतं. "जगात अशी घरं किती? अन् हिंगोलीजवळ किती? उद्या तो लेख कॉलेजात आला, एकानं वाचला, दुसऱ्याला सांगितला, की पोरगी परत माहेरी. लिहून देलं न्हवं का? आता तेच खरं."

लग्न झालं. आम्ही दोघं गेलो नाही. हिंगोलीत मात्र "बाटली चुकली" ही म्हणच होऊन बसली. भाजीत मीठ जास्त पडलं, बाटली चुकली. परीक्षेत नापास, बाटली चुकली. पोरं फळ्यावर बाटलीचं चित्र काढून ठेवायची. खिल्लारे ते पुसून शिकवायला सुरुवात करायचे, ओरडायचे नाहीत. प्राचार्यांनी सदोष उपकरणाचं निमित्त करून प्रयोगशाळेतलं त्यांचं कपाट दुसऱ्याला दिलं. रोज दवाखान्यात भेटणारे सगळे शहाणे मला विचारायचे, "तुमचे शेजारी हल्ली कसे आहेत हो?" आणि मी खरं सांगू शकत नव्हते. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती आणि ते वाक्य मला गिळावं लागत होतं. एवढा राग मी आयुष्यात कधी गिळला नाही.

पुढच्या मृगाआधी कोंडिबा गेला. नांगर सोडून बांधावर बसला आणि तिथेच कलंडला. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी खिल्लाऱ्यांना सांगायला गेले तर त्यांना आधीच कळलं होतं. ते अंधारात बसले होते, दिवेलागणीची वेळ होती आणि त्यांनी दिवा लावला नव्हता. मी लावला आणि निघून आले.

भेजा आणणं बंद झालं. गच्चीवर आमच्याच कुरडया. आई एकदा म्हणाली, "त्या बाजूला कसं ओकंबोकं वाटतं गं." मी म्हटलं, बरंच झालं, वास तरी नाही. रविवारी मला सुट्टी असायची आणि त्या सुट्टीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

बैठकीला अडीच वर्षं झाली. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सातला जिन्यात पावलं वाजली. वच्छला होती. कडेवर दीड वर्षाचा मुलगा, मागे भीमराव. वच्छला जरा भरली होती, आणि हसत होती. लेकरू रडत होतं.

"भुकेलं हाय," भीमराव म्हणाला. "साहेबांनी सांगितलं व्हतं, दीड वर्साचं झालं की उपाशीपोटी घेऊन या."

"कधी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"लग्नाआधी. बैठकीच्या आठ दिस आधी वर्कशॉपात आले व्हते. गाडीखालून मला बाहेर वढलं अन् समदं सांगितलं. म्हणले, आता न्हाई म्हन, कोनाला कळायचं न्हाई. मी म्हणलं, मला पोरगी पसंत हाय. मंग म्हणले, तुझ्या काकाला काय सांगायचं ते मी बघतो."

मी अडीच वर्षं या माणसावर खोटारडा म्हणून चिडून होते. सांगायला काय झालं होतं त्यांना? पण मी विचारलं नव्हतं.

खिल्लारे बाळाच्या पायाशी बसले आणि टाच चिमटीत धरली. बाळाने त्यांना लाथ मारली. मी सुई उकळली. इवल्याशा हाताची शीर मला सापडली, बाळ किंचाळलं, वच्छलाने तोंड फिरवलं. बाटली भरली. रक्त निवळेपर्यंत आईने बाळाला मऊ भात भरवला.

घरातच काम करायचं होतं. पण गडद की फिकं ते ठरवायला शुद्ध कोलेस्टेरॉल लागणार, आणि ते तर संपून दोन वर्षं झाली होती. मी तसं म्हटलं. खिल्लाऱ्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून रुमालात गुंडाळलेली एक इंजेक्शनची बाटली काढली. बुडाशी चिमूटभर चकचकीत पापुद्रे. बाटलीवर जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "वच्छलाच्या लेकरासाठी."

द्रव मी मोजून दिले. एका नळीत पापुद्रे विरघळवून टाकले, एकीत बाळाची निवळी. दोन्ही नळ्या घेऊन ते खिडकीशी गेले. पापुद्र्यांची गडद होत गेली. बाळाची हिरवी झाली, कोवळ्या हरभऱ्यासारखी फिकी हिरवी, आणि तिथेच थांबली. त्यांनी दोन्ही नळ्या परत एकदा उजेडाला धरल्या. भीमरावने विचारलं, "साहेब?"

"चांगलं हाय," ते म्हणाले. "तुझ्या लेकरात ते न्हाई आलं." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, गच्चीपलीकडे ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "सिस्टर, माझी बाटली चुकत न्हाई."

मी रडत होते. ते लगेच खेकसले, "रडून काय राहिल्या? सुई धुवा आधी." अडीच वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले होते.

पुढच्या रविवारी आईच्या कुरडयांशेजारी जुनं धोतर अंथरलं गेलं आणि त्याच्यावर सहा बकऱ्यांच्या भेज्याचे पांढरे गोळे. वास यायला लागला. आई नाक धरून खाली गेली. दुपारच्या उन्हात मी काठी घेऊन गच्चीवर बसले आणि दोन्हीकडचे कावळे हाकले.